पावसात गाडी मिसिंग मारते आणि दिवेही मंदावतात : दोष घरच्या घरी कसा शोधावा?

प्रश्न : घाटमाथा, चिपळूण

नमस्कार मंडळी. माझ्याकडे २०१६ सालची, १.२ लिटरची, चार सिलिंडरची पेट्रोल हॅचबॅक आहे. सीएनजी बसवलेला नाही. गाडी अंगणात उघड्यावर उभी असते. जूनमध्ये पाऊस लागल्यापासून सकाळी पहिल्यांदा चालू केली की इंजिन थरथरते आणि मिसिंग मारते, म्हणजे एखादे सिलिंडर मधूनच पेट घेत नाही. गरम झाल्यावर आयडलिंग बरेचसे सुधारते, परंतु कुंभार्ली घाटात तिसऱ्या गिअरमध्ये पाय दाबला की झटके सुरू होतात आणि चेक इंजिनचा दिवा लुकलुकू लागतो. सपाटीवर आल्यावर तो नुसताच पेटून राहतो.

दुसरी तक्रार विजेची आहे. रेडिएटरचा पंखा सुरू झाला किंवा जागच्या जागी स्टिअरिंग पूर्ण फिरवले की हेडलाइट मंदावतात, आणि अधूनमधून स्टिअरिंगचा पिवळा दिवा लागून ते जड होते. शिवाय गाडी तीन-चार दिवस उभी राहिली तर सेल्फ मारायलाही बॅटरीत जोर उरत नाही. बॅटरी गेल्याच वर्षीची आहे.

गॅरेजमध्ये चारही प्लग आणि एक कॉईल (प्लगला ठिणगीसाठी वीज पुरवणारी) बदलून झाली. थोडे दिवस बरे वाटले आणि पुन्हा तेच सुरू झाले. आता ईसीएम, म्हणजे इंजिनचा संगणक, बदलावा लागेल असे सांगण्यात आले आहे, आणि तो खर्च ऐकून मी गाडी घरी परत आणली. माझ्याजवळ साधा मल्टिमीटर, गोटी पान्यांचा संच आणि मोबाइलला जोडायचा ईएलएम ३२७ प्रकारचा ओबीडी अडॅप्टर (गाडीने साठवलेले दोषांचे कोड वाचणारा) आहे. एवढ्या साधनांवर घरी नेमके काय तपासता येईल, आणि हे सगळे दोष एकाच कारणाने होत असतील का, याविषयी जाणकारांनी मार्गदर्शन करावे.

उत्तर : बॉनेटखालचा, नाशिक

सर्वांत आधी एक विनंती. कोणी कितीही सांगितले तरी "रात्रभर बॅटरीची वायर काढून ठेवा, ईसीएम रिसेट होईल" हा उपाय करू नका. त्याने दिवा विझतो, पण बहुतेक गाड्यांत साठवलेले कोडही पुसले जातात. कोडबरोबर दोष घडला त्या क्षणाचे आरपीएम, इंजिनचे तापमान, लोड आणि वेग यांची जी नोंद राहते, जिला फ्रीझ फ्रेम म्हणतात, तीही जाते, आणि तुमच्या हातात सध्या तेवढाच पुरावा आहे. तेव्हा प्रथम अडॅप्टर स्टिअरिंगखालच्या सोळा पिनांच्या सॉकेटमध्ये लावून सर्व कोड वहीत उतरवून घ्या आणि फ्रीझ फ्रेमचा मोबाइलवर स्क्रीनशॉट ठेवा.

पी ०३०१ ते पी ०३०४ यांतील शेवटचा आकडा सिलिंडरचा क्रमांक असतो, आणि पी ०३०० म्हणजे मिसफायर (मिसिंग) एकाच सिलिंडरपुरता मर्यादित नाही. पी ०३५१ ते पी ०३५४ यांपैकी काही दिसले तर ती कॉईलच्या सर्किटची तक्रार समजावी. मात्र मिसफायरचा कोड नेमके काय सांगतो हे ध्यानात असू द्या, कारण गॅरेजमध्येही याबाबत पुष्कळ घोटाळा होतो. ईसीएमला ठिणगी दिसत नाही. क्रँकशाफ्टच्या दातेरी चकतीसमोरचा सेन्सर प्रत्येक अर्ध्या फेऱ्याला लागलेला वेळ मोजत असतो. आठशे आरपीएमला अर्धा फेरा साधारण ३७ मिलिसेकंदांत होतो, आणि ज्या सिलिंडरच्या पाळीला तो रेंगाळतो त्याच्या नावावर कोड टाकला जातो. म्हणजे कोड फक्त "तिसऱ्याने धक्का कमी दिला" एवढेच सांगतो. तो ठिणगीमुळे कमी पडला, पेट्रोलमुळे की कॉम्प्रेशनमुळे, हे आपल्यालाच शोधावे लागते. खराब रस्त्यावरच्या हादऱ्यांनीही चाकांमार्फत क्रँकचा वेग डळमळतो, म्हणून पुष्कळ गाड्यांत अशा वेळी ही मोजणी थांबवली जाते. मुंबई-गोवा महामार्गाने जाणाऱ्यांच्या गाड्यांत ती बहुधा थांबूनच असावी.

दिवा लुकलुकत असेल तेव्हा मात्र पाय सैल सोडा. न जळलेले पेट्रोल कॅटॅलिटिक कन्व्हर्टरमध्ये (सायलेन्सरच्या वाटेवरच्या धूर शुद्ध करणाऱ्या भागात) जाऊन तिथे जळते, आणि तो वितळला की कॉईलच्या कित्येक पट खर्च समोर येतो. लुकलुकणाऱ्या दिव्याचा अर्थच हा आहे की मिसफायर त्या पातळीला पोहोचला आहे.

आता अदलाबदलीची परीक्षा. समजा, कोड तिसऱ्याचा आहे. इंजिन पूर्ण थंड असताना तिसऱ्याची कॉईल पहिल्यावर आणि तिसऱ्याचा प्लग चौथ्यात लावा, आणि तिथले भाग तिसऱ्यावर आणा. कोड पुसून गाडी त्याच घाटात चालवा. दोष पहिल्यावर गेला तर कॉईल, चौथ्यावर गेला तर प्लग, आणि तिसऱ्यावरच राहिला तर हे दोन्ही भाग निर्दोष धरून पुढे जायचे. नवा भाग विकत घेऊन बसवण्यापेक्षा यात अधिक कळते, कारण नवा भाग लावल्यावर गाडी सुधारली तर ती भागामुळे सुधारली की कपलर (वायर जोडणारा प्लॅस्टिकचा जोड) काढून पुन्हा बसवल्यामुळे, हे सांगता येत नाही. तुमच्या गाडीला थोडे दिवस बरे वाटले, त्यामागे हे दुसरे कारण असण्याचा दाट संभव आहे.

प्लग काढण्यापूर्वी त्याच्या विहिरीत टॉर्च मारून पाहा. पाणी असेल तर ते बॉनेटवरून किंवा धुलाईच्या वेळी शिरलेले असते. तेल असेल तर वरच्या कव्हरचे सील गेलेले असते. विहिरीतली माती सायकलच्या पंपाने उडवल्याशिवाय प्लग सैल करू नका, नाहीतर ती थेट सिलिंडरमध्ये पडेल. काढलेल्या प्लगच्या पांढऱ्या चिनी मातीवर उभी, पेन्सिलीने ओढल्यासारखी बारीक काळी रेघ दिसली तर ठिणगी आत न पडता बाहेरूनच इंजिनच्या धातूत उतरत आहे असे समजा. अशा वेळी कॉईलच्या रबरी नळीच्या आतही तशीच रेघ असते, आणि प्लग बदलून जुनी नळी तशीच ठेवली तर नव्या प्लगवर ती लवकरच पुन्हा उमटते. प्लग परत बसवताना पहिले आटे हातानेच फिरवावेत. हेड ॲल्युमिनियमचे असते आणि आटे गेले की काम घरचे राहत नाही.

उत्तर : तारजोड, कोल्हापूर

मी मोटारींच्या वायरिंगचे काम करतो, त्यामुळे दुसऱ्या तक्रारीबद्दल लिहितो. पंखा सुरू झाल्यावर दिवे मंद होणे आणि स्टिअरिंग फिरवताना त्याचा दिवा लागणे, या दोन्हींत मोठा करंट लागतो. इलेक्ट्रिक स्टिअरिंग गाडी उभी असताना पूर्ण वळवले तर क्षणभर चाळीस-पन्नास अँपिअरही ओढते. एवढ्या करंटला बॅटरीतून जाण्याचा रस्ता जितका महत्त्वाचा, तितकाच बॉडीतून परत येण्याचा, आणि कोकणातल्या गाड्यांत हा परतीचा रस्ता, म्हणजे अर्थिंग, पहिल्यांदा खराब होते.

इथे ओहम मोजून काही उपयोग नाही. चाळीस अँपिअरला ०.०२ ओहमचा अडथळासुद्धा ०.८ व्होल्ट खातो, आणि तुमच्या मल्टिमीटरच्या नुसत्या दोन वायरींचाच अडथळा त्याच्या कितीतरी पट असतो. मीटर "बीप" करील, वायर चांगली आहे असे सांगेल, आणि गाडी मात्र तशीच राहील. म्हणून वायरीतून करंट वाहत असतानाच तिच्या दोन टोकांमधला व्होल्टेज मोजायचा.

इंजिन चालू करा, हेडलाइट, ब्लोअर आणि मागच्या काचेचा हीटर लावा. मीटर डीसी २० व्होल्टवर ठेवून काळी सळई बॅटरीच्या ऋण टोकाच्या शिशावर लावा, क्लॅम्पवर नाही, कारण दोष क्लॅम्प आणि शिसे यांच्यामध्येही असू शकतो. लाल सळई बॉडीच्या रंग नसलेल्या बोल्टवर टेकवा. ०.१ व्होल्टच्या आसपास आले तर ठीक. अर्ध्या व्होल्टच्या वर गेले तर दोष सापडला म्हणा. कोणाला तरी स्टिअरिंग फिरवायला सांगून आकडा किती उडी मारतो तेही पाहा. मग लाल सळई इंजिनच्या उघड्या धातूवर ठेवून सेल्फ मारायला लावा, तिथे ०.२ ते ०.३ व्होल्टपर्यंत चालते. गाडी न्यूट्रलमध्ये, हँडब्रेक ओढलेला, आणि सैल बाह्या पट्ट्यापासून दूर हव्यात. रेडिएटरचा पंखा काही गाड्यांत इंजिन बंद केल्यावरही आपोआप फिरतो हे विसरू नये.

बॅटरीचे आकडेही लिहून कळवा. रात्रभर उभ्या गाडीत १२.६ म्हणजे पूर्ण भरलेली, १२.२ म्हणजे जवळपास निम्मी. सेल्फ मारताना ९.६ च्या खाली जाऊ नये, आणि चालू गाडीत १३.८ ते १४.५ असावे. काही नव्या गाड्यांत चार्जिंग मुद्दाम कमी-जास्त केले जाते, त्यामुळे एकाच आकड्यावरून अल्टरनेटरला दोष देऊ नका.

मिसिंग आणि ही तक्रार एकाच कारणाने आहे असे मी आज म्हणणार नाही. अनेक गाड्यांत कॉईलचे अर्थिंग बॉडीवर नसून इंजिनच्या हेडवरच असते. इंजिनकडचा आकडा चांगला आला तर दोन वेगळे दोष आहेत असे धरूनच चालावे. आणि ईसीएमचे नाव तर शेवटी घ्यायचे. माझ्याकडे "ईसीएम गेला" म्हणून येणाऱ्या बहुतेक गाड्यांत त्याला मिळणारा पुरवठा किंवा अर्थिंगच बिघडलेले असते.

उत्तर : मोजूनमापून, पुणे

वरील दोघांनी ठिणगी आणि विजेबद्दल उत्तम लिहिले आहे, तरी मिश्रणाकडे एकदा पाहून घ्यावे. अडॅप्टरवर शॉर्ट टर्म आणि लाँग टर्म फ्युएल ट्रिम (ईसीएम पेट्रोल किती टक्के वाढवतो किंवा घटवतो ते) असे दोन आकडे दिसतात. दोन्हींची बेरीज साधारण उणे दहा ते अधिक दहा टक्क्यांत असेल तर मिश्रण ठीक. आयडलिंगला अधिक वीसच्या पुढे आणि अडीच हजार आरपीएमला खाली येत असेल तर कुठल्या तरी फाटक्या नळीतून बाहेरची हवा शिरते आहे. याउलट आयडलिंगला ठीक आणि जोर लावल्यावर वाढत असेल तर पेट्रोल पंप किंवा फिल्टरचा संशय घ्यावा. तथापि कोड एकाच सिलिंडरचा असेल तर पंप हे कारण संभवत नाही, कारण तो चौघांनाही सारखेच पेट्रोल पोहोचवतो.

कोणते सिलिंडर काम करत नाही हे पाहण्यासाठी चालू इंजिनवर एकेक कॉईल काढण्याची जुनी पद्धत मात्र टाळावी. त्यात त्या सिलिंडरचे पेट्रोल न जळता कन्व्हर्टरकडे जाते आणि कॉईलही विनाकारण ताणली जाते. त्याऐवजी इंजेक्टरचा कपलर काढावा, म्हणजे पेट्रोलच बंद होते. चांगल्या सिलिंडरचा काढला की इंजिन लगेच लंगडते. दोषी सिलिंडरचा काढला तर फरकच पडत नाही.

एवढे करूनही काही हाती लागले नाही तर कॉम्प्रेशन गेज भाड्याने किंवा ओळखीच्या फिटरकडून आणावा. नुसत्या आकड्यापेक्षा चौघांतला फरक महत्त्वाचा असून तो पंधरा टक्क्यांच्या आत असावा. सीएनजीच्या गाड्यांत एक्झॉस्ट व्हॉल्व्हच्या सीट झिजून टॅपेट घट्ट होतात आणि तेथे मी याच तपासणीपासून सुरुवात सुचवली असती. तुमची गाडी निव्वळ पेट्रोलवर आहे, म्हणून ती शेवटी.

घाटमाथा, चिपळूण

सर्वांचे आभार. निरीक्षणे अशी आहेत. कोड पी ०३०३ आणि पी ०३००. फ्रीझ फ्रेममध्ये लोड ८० टक्क्यांच्या वर, म्हणजे घाटातलीच नोंद. कॉईल पहिल्यावर आणि प्लग चौथ्यात लावून घाट चढलो, तरी कोड पुन्हा पी ०३०३ च आला. ट्रिमची बेरीज अधिक चार. तिसऱ्याच्या इंजेक्टरला लांब पेचकस लावून कानाने ऐकले, टिकटिक इतरांसारखीच आहे.

चालू गाडीत बॅटरीवर १४.२. इंजिनकडचा आकडा सेल्फ मारताना ०.१५. बॉडीकडचा मात्र दिवे-ब्लोअरवर ०.९, आणि स्टिअरिंग फिरवल्यावर १.६ पर्यंत जातो. बॅटरीचा ट्रे काढला तेव्हा खाली अर्थची पट्टी बॉडीला जिथे बोल्टने बसते तिथे पांढरट-हिरवट भुकटी साचलेली होती, आणि पट्टीच्या निम्म्या तारा हात लावताच तुटल्या. पॉलिश पेपरने जागा घासून नवी पट्टी बसवली. आता आकडा ०.०६ येतो, दिवे स्थिर आहेत आणि स्टिअरिंगचा दिवा लागलेला नाही. मिसिंग मात्र जसेच्या तसे आहे. तिसऱ्या कॉईलच्या कपलरवर इग्निशन देऊन मोजले तर १२.३ व्होल्ट दिसतात, पहिल्यावरही तेवढेच. मग आता ईसीएम उरतो का?

तारजोड, कोल्हापूर

अजून नाही. कपलर काढून मीटरने मोजलेले १२.३ फसवे असतात, कारण मीटर जवळजवळ करंट घेतच नाही. वायरीच्या सगळ्या तारा तुटून एकच उरली तरी तो पूर्ण व्होल्टेज दाखवील. कॉईलला क्षणभर का होईना, सहा-सात अँपिअर लागतात, तेव्हा त्या एका तारेचे पितळ उघडे पडते.

इंडिकेटरचा २१ वॅटचा बल्ब घ्या, त्याला दोन वायरी जोडा आणि काढलेल्या कपलरच्या पुरवठ्याच्या व अर्थच्या पिनांमध्ये लावा. बल्ब पावणेदोन अँपिअर ओढतो, एवढा भार तपासायला पुरतो. तिसरी पिन ईसीएमकडून येणाऱ्या इशाऱ्याची असते, तिला बल्ब चुकूनही लावू नका. नाहीतर आज नसलेला ईसीएमचा दोष उद्या खरोखरच निर्माण होईल. कोणती पिन कोणती याची खात्री मीटरने आधी करून घ्या. पिनांत जाड सळई कोंबू नका, त्या सैल पडल्या की नवाच मिसफायर तयार होतो.

चारही कपलरांवर बल्ब सारखाच उजळ हवा. तिसऱ्यावर मंद पेटला तर बल्ब लावलेला असतानाच दोन मापे घ्या : बॅटरीच्या धन टोकापासून पुरवठ्याच्या पिनेपर्यंत, आणि अर्थच्या पिनेपासून बॅटरीच्या ऋण टोकापर्यंत. ज्या बाजूला व्होल्ट जास्त, त्या बाजूची वायर खराब.

ईसीएमला हे का कळत नाही, तेही सांगतो. कॉईल किती मिलिसेकंद भरायची हे तो स्वतःला मिळणाऱ्या व्होल्टेजवरून ठरवतो. बॅटरी उतरली असेल तर तो वेळ वाढवून घेतो. पण अडथळा फक्त एका कॉईलच्या वायरीत असेल तर त्याला १४ व्होल्ट दिसत राहतात, तो वेळ वाढवत नाही आणि ठिणगी कमजोर पडते. आयडलिंगला ती कशीबशी चालते. घाटात सिलिंडरमध्ये हवा दाट भरली की प्लगच्या फटीतून उडी मारायला जास्त व्होल्टेज लागते, आणि ती हरते.

घाटमाथा, चिपळूण

बल्ब पहिल्या, दुसऱ्या आणि चौथ्या कपलरवर लख्ख पेटला, तिसऱ्यावर तांबूस. मापे : पुरवठ्याच्या बाजूला ०.३, अर्थच्या बाजूला ४.२ व्होल्ट. काळी वायर मागे चाचपत गेलो तेव्हा इंजिनच्या मागच्या बाजूला, जिथे जुडगा वळतो तिथे, चिकटपट्टी गुंडाळलेली सापडली. पट्टीखाली उंदराने कुरतडलेली वायर नुसती पिळून जोडलेली होती आणि तांब्यावर हिरवा थर चढला होता. कोरड्या दिवसांत ती कसाबसा संपर्क देत असणार.

खराब भाग कापून तेवढ्याच जाडीचा तुकडा कथिलाने जोडला आणि वर उष्णतेने आकसणारी, आत गोंद असलेली नळी चढवली. बल्ब आता चारही ठिकाणी सारखा पेटतो. भर पावसात घाट चढून आलो, झटके नाहीत आणि कोडही परत आलेला नाही. बॅटरी उतरण्याची तक्रार मात्र शिल्लक आहे.

तारजोड, कोल्हापूर

जोड वळणावर असेल तर वायर तिथे हलू नये अशी बांधून घ्या. कथिलाच्या कडेलाच तार हादऱ्याने तुटते. आणि गॅरेजमध्ये बदललेली जुनी कॉईल मिळाली तर मागून आणा, ती बहुधा चांगलीच निघेल.

बॅटरीसाठी मीटरची लाल वायर १० अँपिअरच्या भोकात घाला आणि बॅटरीची ऋण केबल काढून ती व टोक यांच्यामध्ये मीटर लावा. चावी काढलेली, दारे बंद, आणि बॉनेटचे कुलूप पेचकसाने दाबून बंद झाल्याचा आभास द्या. गाडीतले सगळे युनिट झोपी जायला अर्धा-पाऊण तास लागतो, त्याआधीचा आकडा धरू नका. मीटर जोडलेला असताना सेल्फ मारलात किंवा हेडलाइट लावलेत तर मीटरचा फ्यूज जाईल. शेवटी ५० मिलिअँपिअरच्या आत आले तर ठीक. ४०० आले तर पस्तीस अँपिअर-तासांची बॅटरी दोन दिवसांच्या आतच निम्मी होते, म्हणजे तुमच्या तक्रारीशी जुळते.

आकडा जास्त असेल तर फ्यूज उपटत बसू नका, कारण फ्यूज परत घातला की ते युनिट जागे होते आणि सगळे गणित बिघडते. मीटर मिलिव्होल्टवर ठेवून प्रत्येक फ्यूजच्या पाठीवरच्या दोन उघड्या ठिपक्यांवर सळया टेकवा. शून्य आले तर त्यातून करंट जात नाही; थोडेही मिलिव्होल्ट दाखवले तर तो रस्ता चालू आहे. बाहेरून बसवलेली म्युझिक सिस्टिम, मागचा कॅमेरा किंवा ट्रॅकर असेल तर त्याच्या फ्यूजपासून सुरुवात करा. दुकानात बसवताना त्यांची वायर पुष्कळदा चावीनंतरच्या लाइनऐवजी थेट बॅटरीच्या लाइनला जोडून दिलेली असते.